ट्रॅक्टरची उलटती ट्रॉली : निगा व खबरदारी

पुणें शहरालगत मांजरी, फुरसुंगीकडील पुष्कळ बागाईतदार शेणखत व माती वाहण्यास तेलाच्या दाबानें उलटणारी ट्रॉली वापरतात. साधन सोयीचें खरें. परंतु त्याची घडण ध्यानांत न घेतां तें वापरणें जिवावर बेततें, सबब हे चार शब्द.

ट्रॅक्टरवरील पंप रबरी नळींतून तेल नळकांड्यांत ढकलतो, आंतील दट्ट्या वर सरकतो आणि ट्रॉलीची पेटी उचलली जाते. कोंडलेल्या तेलाचा दाब सर्व बाजूंस सारखा पसरतो, हा नियम पास्कल या फ्रेंच पंडितानें सतराव्या शतकांत सांगितला. ब्रामा या इंग्रज कारागिरानें १७९५ सालीं त्यावर दाबयंत्र बसविलें. आतां हिशेब पाहा. दट्ट्याचा व्यास ८ सें.मी. असल्यास क्षेत्रफळ सुमारें ५० चौरस सें.मी. भरतें. दर चौरस सें.मी.स १५० किलो दाब धरिला तर साडेसात हजार किलोंचा जोर झाला! मात्र हा जोर तेल कोंडलेलें आहे तोंवरच. मोटेचा नाडा झिजला तर डोळ्यांस दिसत असे. नळीची झीज आंतूनही होते.

तहसील कचेरींत असतांना शेतकरी अपघाताच्या अनुदानाचीं प्रकरणें माझ्या मेजावर येत. एका प्रकरणांत मुलगा उचललेल्या पेटीखालीं वंगण घालावयास गेला होता. कारणाच्या रकान्यांत मीं ‘ट्रॉली पडली’ असें लिहूं लागलों, तों बाप म्हणाला, “भाऊसाहेब, ट्रॉली पडली नाहीं. नळी फुटली. तिला सायकलची ट्यूब मींच गुंडाळली होती.” रकाना तसाच ठेवून मीं त्यांस आधीं पाणी दिलें.

म्हणून पेटीखालीं जाण्याचा प्रसंग आल्यास ट्रॉली प्रथम रिकामी करावी, नंतर पेटी व सांगाडा यांमध्यें लोखंडी टेकू पक्का बसवावा, इंजिन बंद करून किल्ली स्वतःच्या खिशांत घालावी. विटा, दगड किंवा लाकडाचा ओंडका टेकू म्हणून चालत नाहीं. मुलांस तर दांड्याजवळ फिरकूं देऊं नये.

गळती शोधतांना नळीवरून हात फिरविण्याची खोड फार वाईट. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रांतून उडालेलें तेल कातडी भेदून आंत शिरतें. वर केवळ टोंचल्यासारखी खूण दिसते, दुखतही नाहीं, परंतु कांहीं तासांत शस्त्रक्रिया न झाल्यास बोट किंवा हात गमवावा लागतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरून गळती पाहावी. हळद लावून घरीं बसूं नये.

तेलाची पातळी पेटी खालीं असतांनाच पाहावी. तेल दुधाळ दिसलें तर त्यांत पाणी शिरलें असें समजून तें बदलावें. पेटी उचलण्यापूर्वीं मागचा फाळका उघडावा, जमीन सपाट असावी, आणि वर विजेच्या तारा नाहींत हें पाहावें. अधिक ओझें उचलावें म्हणून दाब मर्यादित ठेवणारी झडप आवळून घेणारे मिस्त्री आहेत. त्यांस बांधाशींच थांबवावें.

नळीचें रबर तडकलें, फुगलें किंवा आंतील तार दिसूं लागली कीं ती टाकून द्यावी. नवी आणतांना जुनी सोबत न्यावी व दोहोंवर छापलेला दाबाचा आंकडा ताडून पाहावा. नुसती लांबी-जाडी जुळली म्हणून घेऊं नये.