मोठा माणूस, छोटं कारण

३ जून २०१४ची सकाळ. केंद्रात ग्रामविकास मंत्री होऊन गोपीनाथ मुंडेंना जेमतेम आठवडा झाला होता. बीड जिल्ह्यात सत्काराची सभा ठरलेली होती, म्हणून ते साडेसहाच्या आगेमागे दिल्ली विमानतळाकडे निघाले. पृथ्वीराज रोड आणि तुघलक रोड मिळतात त्या चौकात त्यांच्या मारुती एसएक्स-४ गाडीला एक इंडिका धडकली. मागच्या सीटवर बसलेल्या मुंडेंना ‘एम्स’च्या ट्रॉमा सेंटरमध्ये नेलं. तिथे पोहोचेपर्यंत हृदय थांबलं होतं आणि तासाभरात मृत्यूची घोषणा झाली.

दिल्लीकराला हा अपघात समजायला फारसा विचार करावा लागत नाही. ल्युटेन्सच्या दिल्लीतले रस्ते रुंद, दुतर्फा झाडीचे आणि पहाटे अगदी मोकळे असतात. मोकळा रस्ता दिसला की इथला चालक पाय दाबतो. सिग्नलचा रंग कोणता, ही चौकशी तो ऑफिसच्या वेळेत करतो. त्या एका वर्षात दिल्लीच्या रस्त्यांवर १,६००हून अधिक माणसं गेली, म्हणजे रोज चार-पाच. मुंडे त्यांपैकी एक.

नेमकं हे ‘त्यांपैकी एक’ बीडला पचणारं नव्हतं. ऊसतोड कामगारांच्या संपात ज्यांच्या शब्दावर कोयते खाली राहत, चाळीस वर्षं राजकारणात घासून जे अखेर दिल्लीत मंत्री झाले, ते ‘साहेब’ भाडोत्री टॅक्सीच्या जातीच्या एका इंडिकाने जावेत? दुसऱ्या दिवशी परळीत अंत्यसंस्काराच्या वेळी सीबीआय चौकशीच्या घोषणा झाल्या, नेत्यांच्या गाड्या अडवल्या गेल्या. सगळ्यांच्या तोंडी एकच प्रश्न होता: गाडीला एवढंसं लागलं, चालक धडधाकट राहिला, मग मागे बसलेला माणूस गेलाच कसा?

प्रश्न रास्त होता आणि त्याला उत्तरही होतं. शवविच्छेदनात यकृत फाटल्याचं, पोटात रक्तस्राव झाल्याचं आणि मानेच्या मणक्यांना इजा झाल्याचं आढळलं. धडक बसली की गाडी थांबते, पण पट्टा न लावलेलं शरीर आधीच्याच वेगाने पुढे किंवा बाजूला जात राहतं आणि आतले अवयव त्याच्याही मागून बरगड्यांवर आदळतात. यकृत जड आणि रक्ताने भरलेलं असतं, ते फाटलं तर बाहेर ओरखडाही दिसत नाही. बाजूच्या धडकेत पट्टा समोरच्या धडकेइतका कामी येत नाही, हे खरं. तरी तो माणसाला जागेवर धरून ठेवतो. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री हर्षवर्धन स्वतः डॉक्टर. मागचा पट्टा शोभेचा असतो या गैरसमजापायी आपण मित्र गमावला, असं त्यांनी जाहीरपणे सांगितलं. पुढे चौकशी सीबीआयकडे गेली. तिला घातपाताचा पुरावा मिळाला नाही आणि इंडिकाच्या चालकावर निष्काळजीपणे गाडी चालवल्याबद्दल आरोपपत्र दाखल झालं.

इथे विषय संपायला हवा होता. संपला नाही, याचं कारण ‘लोक अडाणी असतात’ असं देऊन मोकळं होणाऱ्यांशी माझं पटत नाही. क्लार्क मॅकॉली आणि सुझन जॅक्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. राष्ट्राध्यक्षावर गोळी झाडली गेली, एका कथेत तो मरतो आणि दुसऱ्या कथेत वाचतो. बंदूकवाला तोच आणि गोळीही तीच. तरी अध्यक्ष मेला असं वाचणाऱ्यांना त्यामागे कट असावा असं जास्त वाटलं. परिणाम मोठा तर कारणही मोठं असणार, असा हिशेब मन परस्पर मांडतं. शिकलेल्यांचं मनही त्यातून सुटत नाही. राजकुमारी डायना १९९७मध्ये पॅरिसच्या बोगद्यात गेली, तेव्हा चालक प्यायलेला होता, वेग बेफाम होता आणि डायनाने मागच्या सीटवर पट्टा लावला नव्हता. ब्रिटिश पोलिसांनी त्यावर ८०० पानांहून मोठा अहवाल दिला. तरीही २०१२ साली केंट विद्यापीठाच्या संशोधकांना एक विलक्षण गोष्ट आढळली. डायनाचा खून झाला असं जितकं ज्यांना पटत होतं, तितकंच तिने स्वतःच्या मृत्यूचं नाटक केलं असावं हेही त्यांना पटण्याकडे कल होता. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही. पण ‘सरकार सांगतंय ते खोटं’ हे एकदा पक्कं झालं की बाकीचा तपशील आपापसात भांडला तरी चालतो.

मराठी मोबाइलवर या भावनेला आकड्यांचीही जोड मिळाली. प्रमोद महाजन गेले ३ मे २००६ला, त्यांच्यावर गोळ्या झाडणारे भाऊ प्रवीण महाजन ३ मार्च २०१०ला, आणि महाजनांचे मेहुणे मुंडे ३ जूनला. तीन मृत्यू, तिन्ही तीन तारखेला. अंगावर काटा येतो खरा. पण तीन माणसांचा मृत्यू महिन्याच्या एकाच तारखेला येण्याची शक्यता साधारण ९००त एक आहे आणि या देशात तीन-तीन नातलगांची त्रिकुटं कोट्यवधी आहेत. शिवाय तारीख जुळली नसती तर वार बघितला असता, वार नाही तर वय, वय नाही तर गाडीचा नंबर. जुळतं ते फॉरवर्ड होतं आणि न जुळलेलं कोणी पाठवत नाही, म्हणून आपल्याला जुळलेलंच दिसतं.

मग आली २१ जानेवारी २०१९. लंडनमध्ये विदेशी पत्रकारांच्या संघटनेच्या व्यासपीठावर पत्रकार परिषद भरली. सय्यद शुजा नावाचा माणूस अमेरिकेतून स्काइपवर, चेहरा झाकून बोलला. आपण ईव्हीएम बनवणाऱ्या हैदराबादच्या ईसीआयएलमध्ये होतो, २०१४ची निवडणूक यंत्रात फेरफार करून जिंकली गेली, मुंडेंना ते माहीत होतं म्हणून त्यांना मारलं, असा त्याचा दावा. पुरावा म्हणून त्याने काहीही दिलं नाही. ईसीआयएलने हा माणूस कधी आपल्या नोकरीतच नव्हता असं कळवलं. दुसऱ्या दिवशी निवडणूक आयोगाने दिल्ली पोलिसांकडे तक्रार केली आणि आयोजक संघटनेनेही अंग काढून घेतलं. मात्र तोवर मुंडेंचे पुतणे धनंजय मुंडे यांनी ‘रॉ’ किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांमार्फत चौकशीची मागणी केली होती.

त्या आठवड्यात मी करोल बागेत एका गलाईवाल्याच्या दुकानी बसलो होतो. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची ही मंडळी भारतभर सोनं-चांदी गाळण्याचा धंदा करतात आणि करोल बागेच्या गल्ल्यांत त्यांच्या भट्ट्या आहेत. भट्टीशेजारी तेलकट टेकूला मोबाइल उभा होता आणि त्यावर शुजा चालू होता. मी म्हटलं, “तोंड झाकून बोलणाऱ्यावर काय विश्वास ठेवायचा?”

“आवो साहेब, तोंड झाकलंय म्हंजे जिवाला धोका आसनारच की. खोटं बोलायचं तर तोंड कशाला झाकंल?”

“कुणी पाठवलं?”

“मेव्हण्यानं, विट्यावरनं. त्यो कशाला खोटं पाठवंल?”

हा माणूस समोर आलेली अंगठी कसोटीच्या दगडावर घासल्याशिवाय आणि तिच्यावर तेजाब टाकून बघितल्याशिवाय मुशीत टाकत नाही. आणणारा सख्खा भाऊ असला तरी नाही. सोन्यात चूक झाली तर पैसे त्याचे जातात. व्हिडिओ खोटा निघाला तर त्याचं काहीच जात नाही. उलट मेव्हण्याला ‘हे खोटं आहे’ म्हणायचं तर नातं जातं. मला तरी अविश्वासाचा हा हिशेब चोख वाटतो. ज्या गोष्टीत आपल्या खिशाला झळ बसते तिथे प्रत्येकजण शंका घेतो, आणि राजकारण ही बहुतेकांसाठी मेव्हण्याशी गप्पा मारण्याची गोष्ट आहे.

शुजाची गोष्ट टिकली ती या सोयीवर. एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे दोन गट तिने जोडले. २०१४च्या पराभवाने चक्रावलेल्या विरोधकांना ‘आपण हरलो नाही, हरवले गेलो’ असं तिने सांगितलं. साहेबांच्या चाहत्यांना, म्हणजे बहुतेक भाजपच्याच मतदारांना, साहेब क्षुल्लक कारणाने गेले नाहीत असा दिलासा दिला. एकाची हार आणि दुसऱ्याचं दुःख, दोन्हींवर एकच औषध. पुरावा लागतो तो शंका घेणाऱ्याला, आणि इथे दोन्हीकडच्यांना शंका घेण्याची गरजच उरली नव्हती.

जोसेफ उसिंस्की आणि जोसेफ पेरेंट या अमेरिकी अभ्यासकांनी २०१४मध्येच मांडलं होतं की कटाच्या कथा मुख्यतः हरलेल्यांच्या असतात. सत्तेबाहेरचा पक्ष जास्त कट पाहतो आणि सत्तांतर झालं की कट पाहणारेही बदलतात. मुंडे प्रकरणातल्या विरोधकांना हे लागू पडतं, पण दिल्लीच्या पुढच्या इतिहासाला नाही. मार्च २०२०मध्ये निजामुद्दीनच्या तबलिगी मरकजमधून दोन हजारांहून जास्त माणसं बाहेर काढली गेली. तिथून संसर्ग पसरला होता, हे खरंच होतं. पण चार दिवसांत त्याचा ‘कोरोना जिहाद’ झाला, ठरवून केलेला हल्ला. हे मानणारे हरलेले मुळीच नव्हते. बहुसंख्य ते, सत्ता त्यांच्या आवडीची आणि नोएडाच्या फिल्म सिटीतले स्टुडिओ त्यांच्या बाजूने रात्रभर पेटलेले. फक्त घरात कोंडलेले होते आणि घाबरलेले होते. विषाणूवर राग काढता येत नाही, त्याला चेहरा लागतो. त्या दिवसांत पोलिसावर थुंकणाऱ्या एका ‘तबलिगी’चा व्हिडिओ घरोघर पोहोचला. तो प्रत्यक्षात मुंबईचा होता. फेब्रुवारीतला, करोनाची साथ इथे पसरण्याआधीचा, आणि त्यातला माणूस एक कच्चा कैदी होता. घरून आलेला डबा पोलिसांनी खाऊ दिला नाही म्हणून तो चिडला होता.

त्या कथेचं न्यायालयात काय झालं ते बघण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२०मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलिगींवरचे गुन्हे रद्द केले आणि त्यांना बळीचा बकरा केलं गेल्याचं म्हटलं. डिसेंबरात दिल्लीच्या न्यायालयाने ३६ परदेशींना निर्दोष सोडलं. मरकजशी संबंधित ७० भारतीयांवरची १६ प्रकरणं दिल्ली उच्च न्यायालयाने रद्द केली ती जुलै २०२५मध्ये. व्हिडिओला एक दुपार पुरली होती. निकालांना पाच वर्षं लागली आणि ते कोणाच्याही मेव्हण्याने फॉरवर्ड केले नाहीत. एखादं विधान नुसतं पुन्हा पुन्हा ऐकूनच ते खरं वाटू लागतं, हे १९७७पासून प्रयोगांत दिसत आलं आहे. खुलासा एकदाच येतो.

मग सरकारने सगळी कागदपत्रं उघडी केली तर? २३ जानेवारी २०१६ला दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात नेताजींच्या १०० फायली खुल्या झाल्या. ज्यांना नेताजी विमान अपघातात गेले नाहीत असं वाटत होतं, त्यांना पुढेही तसंच वाटत राहिलं. खऱ्या फायली अजून दडवल्यात, असं ते म्हणाले. तेव्हा कपाट उघडलं की कट विरतो, या भ्रमात मी नाही. मात्र कपाट बंद केलं की काय होतं, तेही महाराष्ट्राने ताजंच पाहिलं आहे.

२० नोव्हेंबर २०२४च्या विधानसभा मतदानाचा संध्याकाळी पाचचा आकडा होता ५८.२२ टक्के, अंतिम आकडा ६६.०५. पाचचा आकडा केंद्रांवरून घाईने कळवलेला, तात्पुरता असतो. सहाला रांगेत उभ्या असलेल्यांना चिठ्ठ्या देऊन मतदान होऊ देतात. हे आयोगाचं स्पष्टीकरण मला पटण्यासारखं वाटतं. त्याच महिन्यात शुजा पुन्हा उगवला, महाराष्ट्राची यंत्रं आपण हाताळू शकतो असं सांगत, आणि मुंबईच्या सायबर पोलिसांनी त्याच्यावर गुन्हा नोंदवला. पण संशयाला शुजापेक्षा जास्त बळ दिलं ते २० डिसेंबरच्या एका दुरुस्तीने. निवडणूक नियमांतला ९३वा नियम बदलून केंद्राने मतदान केंद्राच्या चित्रीकरणासारख्या इलेक्ट्रॉनिक नोंदी नागरिकांनी मागण्यावर बंधन आणलं. मतदारांची गोपनीयता हे कारण दिलं गेलं. कारण खरं असेलही, पण आकड्यांवर वाद पेटलेला असताना तो मुहूर्त निवडणाऱ्याला मी तरी चतुर म्हणणार नाही.

त्याच्या आधी, ३ डिसेंबरला, माळशिरस तालुक्यातल्या मारकडवाडीने मतपत्रिकांवर आपलं आपण पुन्हा मतदान घेऊन बघायचं ठरवलं होतं. त्यांचा उमेदवार जिंकला होता, तरी गावात पडलेली मतं त्यांना पटत नव्हती. जमावबंदी लागली, पोलीस आले, मतदान बारगळलं. गावाने परस्पर निवडणूक घेणं कायद्यात बसत नाही, हे उघड आहे. पण शुजा आणि मारकडवाडी यांना एका रांगेत बसवणारे चुकतात. शुजाचा दावा तपासताच येत नव्हता आणि प्रत्येक खंडनाने तो फुगत होता. मारकडवाडीकरांनी एक मोजता येणारी गोष्ट मागितली होती. मोजणीचा आकडा जुळला असता तर त्यांची बोलतीच बंद झाली असती.

यंत्र तपासायची अधिकृत वाटही तेव्हा होती. सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ला ती खुली केली: दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराने निकालानंतर सात दिवसांत अर्ज करायचा, मतदारसंघातल्या पाच टक्के यंत्रांची तपासणी होणार. आयोगाने त्यासाठी यंत्रामागे ४०,००० रुपये आणि वर जीएसटी, म्हणजे ४७,२०० रुपये आकार ठरवला. दोनशे केंद्रांच्या मतदारसंघात दहा यंत्रं धरली तर हरलेल्या उमेदवाराने पावणेपाच लाख भरायचे. सामान्य मतदाराला अर्जाचा अधिकारच नाही. फेब्रुवारी २०२५मध्ये खुद्द सर्वोच्च न्यायालयानेच हा आकार जास्त असल्याचं म्हटलं आणि तो कमी करायला सांगितलं.