मोटारीचा मागचा बंपर

गेल्या वर्षीं आषाढांत माझा पुतण्या आपली थार गाडी घेऊन मित्रांसह इगतपुरीच्या बाजूस गेला होता. गाडीच्या मागें त्यानें बाजारांतून एक भक्कम दिसणारा पोलादी बंपर नुकताच बसवून घेतला होता. वाटेंत एका शेतकऱ्याचा टेंपो चिखलांत रुतलेला दिसला. बंपरवरच्या आंकड्याला दोर अडकवून यानें गाडी पुढें घेतली. टेंपो जागचा हलला नाहीं. आंकडा मात्र बंपरच्या पत्र्याचा लचका तोडून निघाला आणि ताणलेल्या दोराबरोबर उडून टेंपोच्या समोरच्या कांचेवर आदळला. आंत बसलेला चालक वीतभर अंतरानें वांचला.

घरीं आल्यावर पुतण्या म्हणाला, "काका, पत्रा चांगला पांच मिलिमीटर जाड होता हो! तरी असें कसें झालें?" उभा जन्म मीं मुलांना गणित शिकविलें, मोटारीचें शास्त्र मला येत नव्हतें. पण प्रश्न मनांत घर करून बसला. त्या निमित्तानें या वयांत गाडीखालीं सतरंजी टाकून निजलों आणि दोन-चार जाणत्या कारागिरांना विचारून घेतलें. त्यांतून जें उमजलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें.

आमची पहिली चूक अशी, कीं आम्हीं पत्र्याची जाडी पाहिली, जोड पाहिला नाहीं. गाडीचें खरें बळ तिच्या चॅसींत, म्हणजे तळाच्या दोन लांब पोलादी तुळयांत असतें. बंपर हा त्या तुळयांच्या टोकांशीं बोल्टांनीं जोडलेला असतो. पुतण्याच्या बंपरावरचा आंकडा नुसता बाहेरच्या पत्र्याला वेल्डिंगनें चिकटविलेला होता आणि चॅसीच्या तुळईपासून चांगला हातभर दूर, मधल्या पोकळ भागावर होता. पत्रा पांचाचा असो वा आठाचा, ओढ जर तुळईपर्यंत पोंचतच नसेल तर ती वाटेंतल्या सर्वांत दुबळ्या जागीं फुटणारच. 1941 पासून युद्धासाठीं बनलेल्या विलीस जीपला मागें सलग बंपर नव्हताच, ही गोष्ट मला फार बोलकी वाटली. दोन बाजूंस दोन आंखूड तुकडे आणि मध्यें ओढण्याचा आंकडा, एवढाच तो संसार. पण तो सारा चॅसीशीं बांधलेला.

म्हणून बंपर विकत घेतांना तो उभ्यानें पाहूं नये. उलटा करून पाहावा. शॅकल अडकविण्याचे कान पत्र्यावर बाहेरून डकविलेले आहेत, कीं पत्र्यांतून आरपार जाऊन आंतील आधारपट्टीला दोन्ही बाजूंनीं जोडलेले आहेत? ते चॅसीच्या तुळईच्या रेषेंत येतात काय? जोडणीच्या बोल्टांच्या डोक्यावर 8.8 किंवा 10.9 असा आंकडा ठोकलेला असतो; त्यांतील दुसरा अधिक बळकट. डोकें कोरें असेल तर तो बोल्ट घरच्या झोपाळ्याला ठेवावा. किंबहुना झोपाळ्यालाही नको. शॅकलवरही किती भार सुरक्षित आहे तें कोरलेलें असतें. आणखी एक गोष्ट बजावून सांगतों. मागें गाडा जोडण्यासाठीं जो पोलादी गोळा असतो, त्याला दोर लावून रुतलेली गाडी कधींही हिसक्यानें ओढूं नये. तो गोळा संथ ओढीसाठीं घडविलेला असतो. ऑस्ट्रेलियांत असा गोळा तुटून उडाल्यानें माणसें प्राणास मुकलीं आहेत.

दुसरा विचार भूमितीचा आहे आणि येथें मी जरा घरच्या अंगणांत आलों. चढ उतरून सपाटीवर येतांना किंवा नाल्यांतून वर चढतांना गाडीचा मागचा भाग जमिनीला घांसतो. तो किती उतारापर्यंत घांसणार नाहीं हें एका कोनावरून ठरतें; त्यास आपण निर्गमकोन म्हणूं. मागचें चाक जमिनीला टेकतें त्या बिंदूपासून बंपरच्या खालच्या कडेपर्यंत एक रेषा काढा. ती जमिनीशीं जो कोन करील तो हा. समजा, कड जमिनीपासून 45 सेंटिमीटर उंच आणि चाकाच्या त्या बिंदूच्या 60 सेंटिमीटर मागें आहे. हा आपला जुना तीन-चार-पांचाचा त्रिकोण झाला. कोन आला सुमारे 37 अंश. कंपनीनें थारसाठीं दिलेला कोनही याच्याच आंतबाहेर आहे. आतां नवा बंपर 10 सेंटिमीटर अधिक मागें आला व 5 सेंटिमीटर अधिक खालीं उतरला असें धरा. चाळीस भागिले सत्तर. कोन तिसांच्याही आंत आला. डोंगरांत फिरण्यासाठीं म्हणून पैसे खर्चिले आणि डोंगरांत जाण्याची गाडीची पात्रता सात अंशांनीं घटविली! चांगला बंपर मूळच्या बंपराहून आंखूड असतो आणि त्याचे दोन्ही कोपरे वर उचललेले असतात. दुकानांत जातांना खिशांत मोजपट्टी असावी.

तिसरी गोष्ट वजनाची. एक चौरस मीटर पोलादी पत्रा तीन मिलिमीटर जाड असेल तर साडेतेवीस किलो भरतो, पांच मिलिमीटर असेल तर एकोणचाळीस. ॲल्युमिनियम याच्या सुमारें एकतृतीयांश, पण त्याचें वेल्डिंग खेड्यांतल्या कारागिराला सहसा साधत नाहीं. मोठें जादा चाक दाराच्या बिजागऱ्यांना जड होतें, म्हणून पुष्कळ जण बंपरावरच चाकाचा फिरता दांडा बसवितात. सबंध साहित्यानें 70 किलो वाढले आणि तें वजन मागच्या आंसाच्या एक मीटर मागें लटकलें असें समजूं. 2020 सालीं आलेल्या तीनदारी थारच्या दोन आंसांमधील अंतर 2450 मिलिमीटर आहे. तरफेच्या नियमानें पुढच्या चाकांवरचा भार जवळजवळ 29 किलोंनीं हलका होतो आणि मागच्या आंसावर सत्तर नव्हे, 99 किलो वाढतात. मागच्या स्प्रिंगा दबतात, गाडी बुडावर बसते, आणि वर मिळविलेला कोन पुन्हां थोडा जातो. दांडा घ्यायचाच असेल तर त्याची बिजागरी दाबून, हलवून पाहावी; उतारावर उघडा राहण्यासाठीं त्याला खिटी आहे कीं नाहीं तेंही पाहावें. वाऱ्यानें मिटलेला असा दांडा बोटें चिरडूं शकतो.

नळ्यांचा बंपर असेल तर तळाशीं पाणी निथळण्याचीं भोकें हवींत. कोंकणांतल्या खाऱ्या हवेंत रंग वरून तुकतुकीत राहतो आणि नळी आंतून खाल्ली जाते. मागचे दिवे आणि क्रमांकाची पाटी झांकतां कामा नये, हें सांगणें नलगे.

आतां कायद्याचें पाहूं. पुतण्याला हें मीं सर्वांत शेवटीं सांगितलें, तें वस्तुतः पहिल्यानें सांगावयास हवें होतें. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम 52 प्रमाणें कारखानदारानें ठरविलेल्या व नोंदणींत उतरलेल्या तपशिलाशीं विसंगत असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. 2019 च्या दुरुस्तीनें आलेल्या कलम 182अ मध्यें नियमबाह्य फेरफारास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफारामागें पांच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. डिसेंबर 2017 मध्यें केंद्र सरकारनें राज्यांना क्रॅश गार्ड व बुल बार यांविरुद्ध कारवाई करण्यास कळविलें. ते बहुधा गाडीच्या पुढें असतात. पण मागें पोलादी तुळई लावणाऱ्यानें आपण त्या पंक्तींत नाहीं असें समजूं नये. मूळ बंपराचें प्लास्टिक आणि त्यामागील पट्टी धक्का बसतांच चेपावी अशीच योजना असते. चेपतांना ती आघात पोटांत घालते. ताठ पोलाद तो आघात सरळ चॅसीकडे व आंतल्या माणसांकडे धाडतें आणि मागून येऊन आदळणाऱ्या दुचाकीस्वाराला तर कांहींच सवलत देत नाहीं. यास्तव बंपर घेण्यापूर्वीं परिवहन कार्यालयास व विमा कंपनीस लेखी विचारावें आणि उत्तरही लेखीच घ्यावें.

पुतण्यानें मूळचा बंपर पुन्हां चढविला. आतां कोणास ओढून काढण्याचा प्रसंग आला तर तो चॅसीलाच असलेल्या जागेस दोर लावतो, दोरावर मधोमध जड ओलें पोतें टाकतो म्हणजे तो तुटला तरी उडूं नये, आणि बघ्यांना दोराच्या लांबीहून दूर उभें करतो. टेंपोच्या कांचेचे पैसे त्यानें त्याच आठवड्यांत पोंचते केले. तो पोलादी बंपर बरेच दिवस आमच्या अंगणांत पडून होता. भंगारवाल्यानें तो काट्यावर चढविला तेव्हां 43 किलो भरला. दुकानदारानें तीस सांगितले होते.