भित्ती बांधणाऱ्या समुद्री कृमींचे आकारमान कसे मोजतात?

प्रस्तावना

समुद्रातील भित्ती म्हटले की लक्षद्वीपसारखी प्रवाळभित्ती आपल्या डोळ्यांसमोर येते. परंतु काही समुद्री कृमीही भित्ती बांधतात. वलयी प्राण्यांच्या संघातील पॉलिकीटा गटात मोडणारी सॅबेलारिया अल्व्हिओलाटा ही त्यांपैकी युरोपच्या किनाऱ्यावरील एक जाती. हा कृमी वाळूचे कण आणि शिंपल्यांचे तुकडे स्वतःच्या शरीरातून स्रवणाऱ्या प्रथिनयुक्त सिमेंटने जोडून नळी बांधतो व तिच्यात राहतो. हजारो नळ्या एकमेकींना चिकटल्या की मधमाश्यांच्या पोळ्यासारखी भित्ती तयार होते. फ्रान्समधील माँ-सँ-मिशेल उपसागरात अशी युरोपातील सर्वांत मोठी भित्ती आहे.

ही भित्ती टिकणार की ढासळणार, हे तिच्यातील कृमींच्या वयोगटांवर अवलंबून असते. वय थेट वाचता येत नाही, म्हणून आकारमान मोजावे लागते. ते कसे मोजावे, हे या पाठात पाहू.

लांबी का मोजू नये?

पूर्ण वाढलेला कृमी साधारण ३० ते ४० मिमी लांब असतो. पण ही लांबी भरवशाची नसते. त्याची तीन कारणे लक्षात घ्या.

१. शरीर मऊ असते. स्पर्श होताच कृमी आकसतो, सैल पडला की लांबतो. एकाच प्राण्याच्या दोन मोजण्या जुळत नाहीत.
२. नळीतून काढताना शरीराचा मागचा भाग बहुधा तुटतो. मोठे कृमी अधिक वेळा तुटतात. तुटलेले वगळले तर नमुन्यात लहानांचेच प्रमाण वाढते.
३. फॉर्मॅलिन किंवा अल्कोहोलमध्ये ठेवल्यावर मऊ ऊती आकसतात.

झाकणाची रुंदी

आता कृमीच्या डोक्याकडे पाहा. तेथे सोनेरी, कठीण शूकांच्या तीन एककेंद्री रांगा असतात. ओहोटीच्या वेळी कृमी आत सरकतो आणि शूकांचा हा मुकुट नळीचे तोंड बंद करतो. या झाकणाला ऑपर्क्युलम म्हणतात. ते कठीण असल्याने आकसत नाही, आणि मागचे शरीर तुटले तरी डोक्यासोबत शाबूत राहते. म्हणून त्याची कमाल रुंदी हे आकारमानाचे सोयीचे माप ठरते.

सूक्ष्मदर्शीच्या नेत्रिकेत मोजपट्टी बसवून ही रुंदी घेतात. त्याआधी स्टेज मायक्रोमीटरच्या साहाय्याने नेत्रिकेतील एक भाग म्हणजे किती मिमी, हे ठरवून घ्यावे. विशालन बदलले की हे काम पुन्हा करावे लागते. मुकुट किंचित उघडतो व मिटतो, म्हणून सर्व नमुन्यांत तो एकाच स्थितीत ठेवून मोजा.

रुंदीवरून वजन

काही अखंड कृमींची रुंदी आणि कोरडे वजन दोन्ही मोजा. दोन्हींचे लॉगॅरिथम घेऊन आलेख काढला तर बिंदू साधारण सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा चढ म्हणजे घातांक. वाढताना शरीराची ठेवण बदलली नाही, तर तो ३ च्या जवळ असावा, कारण रुंदी एका मितीत वाढते आणि वजन तिन्ही मितींत. अशा वेळी रुंदी २ मिमीवरून ४ मिमी झाली, म्हणजे दुप्पट झाली, तर वजन आठपट होते.

याच कारणाने मोजणीतील छोटी चूकही महागात पडते. रुंदी १० टक्के जास्त नोंदली, तर वजन सुमारे ३३ टक्के जास्त येते (१.१ × १.१ × १.१ = १.३३१). म्हणून प्रत्येक कृमी किमान दोनदा मोजून सरासरी घ्यावी. समीकरणही ज्या ठिकाणी काढले तेथेच वापरावे. दुसऱ्या किनाऱ्यावर ते पुन्हा तपासावे.

भित्ती न फोडता

कृमी बाहेर काढायचे म्हणजे भित्ती फोडणे आले. दुसरा मार्ग असा: ओहोटीला चौकट ठेवून, शेजारी मोजपट्टी धरून वरून छायाचित्र घ्यावे आणि नळीच्या तोंडाचा आतील व्यास मोजावा. यात दोन अडचणी आहेत. काही नळ्या रिकाम्या असतात, आणि लाटांनी झिजलेले तोंड खऱ्यापेक्षा रुंद दिसते. म्हणून थोड्या कृमींचे झाकण व त्यांच्याच नळीचे तोंड यांचा संबंध आधी तपासून घ्यावा लागतो.

आकडे काय सांगतात?

केवळ सरासरी काढून थांबू नका. मापांचा आयतालेख काढा. समजा, दोन भित्तींत झाकणाची सरासरी रुंदी ३ मिमीच आहे. पहिलीत सगळे कृमी ३ मिमीच्या आसपास आहेत. दुसरीत १ मिमीचा एक आणि ४ मिमीचा एक असे दोन गट आहेत. दुसरीत नवी पिढी आली आहे; पहिलीत ती दिसत नाही. जुने कृमी मेल्यावर पहिलीच्या नळ्यांची डागडुजी कोण करणार?

डी. पी. विल्सन यांनी १९६१ ते १९७० या काळात इंग्लंडमध्ये उत्तर कॉर्नवॉलच्या डकपूल येथे या कृमींच्या वसाहतींचा पाठपुरावा केला. नव्या डिंभांचे स्थिरावणे दरवर्षी सारखे नसते, हे अशा दीर्घ नोंदींमधूनच कळते. त्यामुळे एका वर्षाच्या आयतालेखावरून भित्तीचे भवितव्य ठरवू नये. मोठ्या कृमींबाबत आणखी एक सावधगिरी हवी: अन्न व तापमानानुसार वाढीचा वेग बदलतो, त्यामुळे दोन वर्षांचा आणि चार वर्षांचा कृमी एकाच मापाचा असू शकतो. पहिल्या वर्षाचा गट मात्र सहसा वेगळा ओळखू येतो, आणि भित्तीच्या संरक्षणासाठी तीच माहिती सर्वांत आधी लागते.

स्वाध्याय

१. रुंदी ५ टक्के कमी नोंदली गेली आणि घातांक ३ असेल, तर वजनात किती टक्के चूक होईल?
२. तुटलेले कृमी नमुन्यातून वगळल्यास आयतालेखाचा आकार कसा बदलेल? कारण द्या.
३. आपल्या परिसरातील गांडुळांचे आकारमान मोजायचे असेल, तर लांबी घेताना वरीलपैकी कोणत्या अडचणी येतील?