जुनी जीप आणि घरखर्चाची वही

मैत्रिणींनो, मथळा वाचून पान उलटू नका. गाडीची दुरुस्ती म्हणजे पुरुषांचा प्रांत, त्यात आपण बायकांनी कशाला डोकं घालायचं, असं २०२३ सालापर्यंत मीही म्हणत होते. किराणा, दूध, शाळेची फी, औषधं हे सगळं माझ्या वहीत. गाडीचं बिल मात्र ‘यांच्या’ खिशात. मग एक दिवस त्याच बिलापायी माझ्या पाटल्या गहाण पडल्या, आणि त्या दिवसापासून जीप माझ्या वहीत आली.

आमची जीप २००१ सालची, मामंजींनी हौसेनं आणि गरजेनं घेतलेली. फोर बाय फोर, म्हणजे वेळ पडली की चारही चाकांना ओढ देणारी. आमचं घर पाचगणी-महाबळेश्वरच्या बाजूला, डांबरी रस्ता सोडून अडीच किलोमीटर आत. तांबड्या मातीचा चढ, मध्ये एक ओढा. पावसाळ्यात साधी गाडी त्या चढावर जागच्या जागी चाकं फिरवत बसते. हिवाळ्यात शेतातली स्ट्रॉबेरी पहाटे तोडून सकाळीच रस्त्याला लागावी लागते. नाजूक फळ, ते काही वाट पाहत नाही. तेव्हा ही जीप आमच्याकडे मिरवायला नाही, ती घरातलं एक कमावतं माणूस आहे.

त्या वर्षी दिवाळीपासून जीपखाली तेलाचे थेंब पडत होते. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळ्यासारखा भाग दिसतो ना, त्याला डिफरन्शिअल म्हणतात. त्याचं ऑइल सील गळत होतं. “हंगाम संपला की बघू,” असं हे म्हणाले आणि मीही मान डोलावली. आपण बायका नाही का, कंबरदुखी अंगावर काढत राहतो? तसंच गाडीचं दुखणंही आम्ही अंगावर काढलं. जानेवारीत भरल्या पेट्यांसकट चढावर कडकड आवाज झाला आणि जीप बसली. तेल संपून आतले क्राउन-पिनियन हे दातेरी गिअर आणि बेअरिंगं जळाली होती. पेट्या आम्ही डोक्यावरून डांबरीपर्यंत नेल्या.

बिल झालं ३१,४०० रुपये. जीप अकरा दिवस मिस्त्रीकडे, तोवर ७०० रुपये रोजानं भाड्याची गाडी, त्याचे ७,७००. एकूण ३९,१००. सील वेळेवर बदललं असतं, तर मजुरी आणि नव्या तेलासकट दीड हजारात भागलं असतं! पैसे हातात नव्हते, म्हणून पाटल्या पतपेढीत ठेवल्या. दुसऱ्या दिवशी शाळेत जायला निघाले, तर सासूबाईंनी माझ्या हातांकडे पाहिलं. “काचेच्या घातल्यास? गाडीनं पाटल्या खाल्ल्या वाटतं,” एवढंच म्हणाल्या आणि चुलीकडे वळल्या. मला मात्र दिवसभर शिकवताना हात कुठे ठेवावा ते कळेना.

विकायची की ठेवायची?

पुण्याचे भाऊजी म्हणाले, “वहिनी, चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला! विकून टाका.” म्हणणं खोटं नव्हतं. पण वही घेऊन बसले तेव्हा दुसरी बाजू दिसली. नवी फोर बाय फोर दहा लाखांच्या पुढे. त्यातले आठ लाख कर्ज काढलं, तर साडेनऊ टक्के व्याजानं पाच वर्षं दरमहा सुमारे १६,८०० रुपयांचा हप्ता. माझी शाळेतली अर्धवेळ नोकरी. माझा सगळा पगार घातला तरी तो हप्ता भरत नाही. साधी जुनी गाडी घ्यावी, तर ती आमचा चढ चढत नाही. म्हणजे जीपला लागणाऱ्या खर्चाची तुलना जीपच्या किमतीशी करून उपयोग नाही, ती नव्या गाडीच्या हप्त्याशी करायला हवी.

मग वर्षाचा खर्च मांडला. विमा पहिला. दुसऱ्याच्या नुकसानीपुरता म्हणजे थर्ड पार्टी विमा कायद्यानं सक्तीचाच आहे. १५०० सीसीवरच्या खासगी गाडीला २०२२ साली ठरलेला दर ७,८९७ रुपये, करासह साधारण ९,३००. दुसरी नोंदणी. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्यानं करावी लागते, गाडी तपासून घ्यावी लागते. वीस वर्षांवरच्या मोटारीसाठी ही फी ऑगस्ट २०२५ मध्ये ५,००० वरून १०,००० रुपये झाली; पर्यावरण कर वेगळा. त्यासाठी वर्षाला ३,००० बाजूला. तेल, फिल्टर, ग्रीस यांचे ९,०००. टायर चार वर्षांनी बदलायचे, म्हणून वर्षाचे ६,०००. आणि झिजणाऱ्या भागांसाठी १२,०००. बेरीज ३९,३००.

आमच्याकडे पैसा बारा महिने सारखा येत नाही. म्हणून डिसेंबर ते मार्च या हंगामाच्या चार महिन्यांत सहा-सहा हजार आणि उरलेल्या आठ महिन्यांत दोन-दोन हजार, असे वर्षाचे ४०,००० ‘जीपच्या खात्यात’ टाकते. पोस्टात वेगळं बचत खातंच उघडलंय. घरात डब्यात ठेवले, तर ते पाहुण्यांवर आणि सणावर कधी उडतात ते तुम्हांला मी सांगायला नको!

कोणतं काम आधी?

जुन्या गाडीची सगळी कामं एकदम कधीच परवडत नाहीत. आम्ही यादीचे तीन भाग करतो. पहिला, आज करायची कामं: ब्रेक, स्टिअरिंग, टायर आणि कुठलीही गळती. जिवाशी खेळ नाही आणि तेलाशीही नाही. दुसरा, हंगामाआधीची कामं: क्लच, पाट्यांचे बुश, रेडिएटर, बॅटरी. तिसरा, जमेल तेव्हाची: रंग, गाद्या, ताडपत्री. यांना नेमका रंग आधी हवा असतो, तिथे जरा ठाम राहावं लागतं.

मिस्त्रीशी बोलायचेही काही नियम ठरवलेत. सामान आणि मजुरी वेगवेगळी लिहून मागायची. काढलेला जुना भाग परत मागायचा. ठरल्यापेक्षा जास्त काम निघालं, तर आधी फोन. पहिल्यांदा आमच्या मिस्त्रींना थोडा राग आला. आता तेच म्हणतात, “वहिनी, वही आणली का?” 

एक गोष्ट त्यांच्याकडूनच शिकले. क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो, आणि खरी मजुरी त्या उतरवण्याची असते. मग त्याच वेळी क्लचचं बेअरिंग आणि इंजिनाचं मागचं ऑइल सीलही नवं घालून घ्यावं. नाहीतर सहा महिन्यांनी सीलसाठी तीच मजुरी पुन्हा. सुट्या भागांसाठी आम्ही वर्षातून एकदा यादी घेऊन पुण्याच्या नाना पेठेत जातो. ब्रेकचं सामान, सील, बेअरिंगं नेहमी नवीच घ्यावीत. दार, बोनेट, सीटचा सांगाडा असल्या वस्तू मात्र जुन्या बाजारातून घेतल्या तरी चालतात.

रविवारची दहा मिनिटं

हे काम माझं. रात्री जीपखाली जुना पुठ्ठा सरकवून ठेवते आणि सकाळी डाग पाहते. काळं तेल इंजिनाचं, घट्ट आणि उग्र वासाचं गिअरचं, पातळ डाग चाकाजवळ दिसला तर ब्रेकचा. तो दिसला की गाडी हलवायचीच नाही. मग रेडिएटरचं पाणी आणि इंजिनाचं तेल पाहते, इंजिन थंड असतानाच. ओढ्यात पाणी जास्त असताना गाडी घातली असेल, तर डिफरन्शिअलचं तेल मिस्त्रीकडून पाहून घ्यायचं. दुधाच्या चहासारखं दिसलं, तर आत पाणी शिरलंय, लगेच बदलायचं. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सांध्यांना ग्रीसही वेळच्या वेळी हवं.

आणि फोर बाय फोरवाल्या घरांसाठी खास सूचना: कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांची ओढ लावून गाडी चालवू देऊ नका. वळताना पुढची आणि मागची चाकं सारखं अंतर कापत नाहीत. मातीत चाक थोडं घसरून तो फरक सोसतं, डांबरावर घसरता येत नाही. मग सगळा ताण सांध्यांवर आणि गिअरवर येतो, टायरही झिजतात. जुन्या पद्धतीच्या जीपना ही गोष्ट फार बाधते. याच कारणानं चारही टायर एका मापाचे हवेत. उलट, महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर थोडा वेळ ओढ जरूर लावावी, म्हणजे तिचा दांडा गंजून अडकत नाही आणि आतल्या गिअरना तेल लागतं. आमच्या धाकट्या दिरांना गावात रुबाब दाखवायला डांबरावर ‘फोर बाय फोर’ टाकायची सवय होती. वहीतला सांध्यांचा खर्च दाखवला, तेव्हा सुटली!

थांबायचं कुठे?

हा प्रश्न सर्वांत अवघड, कारण जीप मामंजींची आहे. ते गेले तरी स्टिअरिंगवरचं त्यांनी गुंडाळलेलं कापड सासूबाई बदलू देत नाहीत. पण माया वेगळी आणि हिशेब वेगळा. वहीच्या शेवटच्या पानावर आम्ही दोघांनी लिहून सह्या केल्यात: चॅसी गंजून चिरली, किंवा नोंदणी मिळाली नाही, किंवा सलग दोन वर्षं खर्च ६०,००० च्या वर गेला, तर जीप विकायची. मोडल्यावर रागात नाही, की आठवणीनं डोळे भरले म्हणून नाही. हंगाम संपल्यावर बसून, वही उघडून.

२०२४ चा खर्च ३६,२०० झाला. २०२५ मध्ये क्लच निघाला आणि तो ५२,००० वर गेला. मर्यादा अजून ओलांडलेली नाही, पण फार दूरही नाही. २०२६ च्या ऑक्टोबरातल्या नोंदणीचे पैसे मात्र खात्यात आधीच जमलेले आहेत. ती नोंदणी मिळाली तर आणखी काही हंगाम निघतील. नाही मिळाली, तर याच खात्यातून दुसऱ्या गाडीची सुरुवात होईल.

पाटल्या २०२३ च्या डिसेंबरात सोडवल्या, व्याजासकट. घरी आणल्या तेव्हा सासूबाईंनी त्या आपल्या पदरानं पुसून माझ्या हातात चढवल्या. मग मला म्हणाल्या, “खालचा पुठ्ठा बघितलास का आज?”

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्या घरात जुनी जीप असो, ट्रॅक्टर असो की स्कूटर, येत्या रविवारी तिच्याखाली एक पुठ्ठा सरकवा, आणि घरखर्चाच्या वहीत तिच्या नावाचं एक पान उघडा.