वारा हवा, गोंगाट नको

खानदेशातला उन्हाळा काय असतो, हे जळगाव-धुळ्याच्या माणसाला वेगळं सांगायला नको. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांवर सहज जातो, कधी ४५ च्याही पुढे. माणूस ओट्यावर, निंबाखाली, कूलरसमोर जाऊन बसतो. टेबलाखालचा संगणक कुठे जाणार? आज त्याच्या पंख्यांविषयी बोलायचं आहे.

कवीला हा विषय कसा सुचला, असं कुणी विचारील. मी रात्री लिहितो. घर लहान, त्याच खोलीत अम्मी झोपलेली असते. शेजारी संगणक घरघरत असला की तिची झोप मोडते आणि माझी ओळ. दुसरं कारण रोजीरोटीचं. धुळ्यात माझ्या भाच्याचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिकांचा हंगाम आणि उन्हाचा कहर एकदमच येतात. भर दुपारी गिऱ्हाईक समोर बसलेलं असायचं आणि संगणक आपोआप बंद पडायचा. तारीख लग्नाची; ती काही पुढे ढकलता येत नाही.

संगणक जेवढी वीज खातो, ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. प्रोसेसरचं तापमान १०० अंशांच्या आसपास गेलं की तो स्वतःला वाचवण्यासाठी मंदावतो, तरीही भागलं नाही तर बंद होतो. पंख्याचं काम ही गरम हवा बाहेर काढणं. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. पंखा हवा हलवतो, थंड करत नाही. खोलीत ४२ अंश असतील तर खोक्यात त्याहून कमी होणार नाही.

मग हवा किती लागते? पंख्याच्या वेष्टनावर 'सीएफएम' असा आकडा असतो, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा. आपल्या उन्हाळ्यातली विरळ हवा धरून सोपा हिशेब असा : संगणक किती वॉट वीज खातो त्याला, खोलीपेक्षा किती अंश जास्त तापमान चालेल त्यानं भागा, आणि येईल त्याची दुप्पट करा. पत्रिका जुळवणारा संगणक १०० वॉट खात असेल आणि १० अंशांची वाढ चालणार असेल, तर २० सीएफएम पुरे. खेळांसाठीचा, ३०० वॉट खाणारा असेल तर ६०. म्हणजे दुकानदार सहा-सहा रंगीत दिव्यांचे पंखे दाखवतो, तेवढ्यांची घरच्या कामाला गरज नसते.

आता आवाज. तो डेसिबलमध्ये मोजतात. १० डेसिबल वाढले की कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. पंख्याचा वेग निम्मा केला तर हवाही निम्मी होते, पण आवाज सुमारे १५ डेसिबलनं उतरतो. तसे दोन पंखे लावले तर हवा पूर्वीइतकी होते आणि दोघांचा मिळून आवाज फक्त ३ डेसिबलनं वाढतो. एकाला धापा टाकत पळवण्यापेक्षा दोघांना सावकाश चालवणं बरं, ते यासाठी.

हाच न्याय आकाराला. ८० मिलिमीटरचा पंखा जेवढी हवा देतो, त्याच वेगानं फिरणारा १२० मिलिमीटरचा पंखा त्याच्या तिपटीहून जास्त देतो. म्हणून खोक्यात बसत असेल तर मोठाच घ्या. चार पिनांचा घेतला तर गरजेप्रमाणे वेग आपोआप कमी-जास्त होतो. दांडा कशावर फिरतो, तेही विचारा. साधी 'स्लीव्ह' बेअरिंग स्वस्त, पण उष्णतेत तेल सुकलं की कुरकुरते. 'फ्लुइड' बेअरिंगला चार पैसे जास्त पडतात, पण ती शांत आणि टिकाऊ.

वेष्टनावरचा सीएफएमचा आकडा मोकळ्या हवेतला असतो. पुढे जाळी, गाळणी, पत्रा आला की तो घटतो. रावेर-सावद्याकडे केळी पिकवण्याच्या खोल्या ज्यांनी पाहिल्या असतील, त्यांना हे लगेच कळेल. तिथं नुसता वारा सोडून भागत नाही. तो खोक्यांच्या भोकांतून आरपार जावा लागतो, त्यासाठी दाब हवा. गाळणीमागच्या पंख्यासाठीही 'स्टॅटिक प्रेशर' हा आकडा बघा.

गाळणी मात्र हवीच. आपल्याकडे धूळ आहे, शिवाय जिनिंगच्या हंगामात कापसाचा तूस. भाच्याच्या संगणकाचा पंखा चांगला होता. त्याच्या मागच्या पत्र्याच्या खाचांत तुसाची गादी बसली होती आणि खोकं भिंतीला टेकवलेलं होतं. ते साफ करून वीतभर पुढे ओढलं, समोर हवा आत घेणारे १२० मिलिमीटरचे दोन पंखे लावले, मागे बाहेर टाकणारा एक ठेवला. आत येणारी हवा जास्त असली की ती फटींतून बाहेर ढकलली जाते. धूळ फटींतून शिरत नाही, गाळणीत अडकते. त्या मे महिन्यात दुकान दुपारीही चाललं.

बहुतेक पंख्यांत ज्या बाजूला आधाराच्या काड्या असतात, त्या बाजूनं हवा बाहेर पडते. शंका वाटली तर अगरबत्ती धरा. धूर दिशा सांगेल. गाळणी दर पंधरा दिवसांनी धुऊन, वाळवून लावा. पंखे साफ करताना वीज बंद करा आणि पाती बोटानं धरून ठेवा, फुंकरीनं भरधाव फिरू देऊ नका. कूलरचा झोत थेट संगणकावर सोडू नका. पाण्याचे तुषार आत गेले तर गंज चढतो.

एवढं करूनही मे महिन्याची दुपार ती दुपारच. व्हिडिओसारखं जड काम असेल तर ते पहाटे उरकावं. आपले शेतकरी उन्हाळ्यात तेच तर करतात.