भरली गाडी, उतार आणि झोप

पुण्याजवळ नवीन कात्रज बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत महामार्ग सलग उताराचा आहे. कोल्हापूर-साताऱ्याकडून आलेल्या भरल्या गाडीचा ड्रायव्हर इथे पोचतो, तेव्हा खंबाटकीचा बोगदा कधीच मागे पडलेला असतो. समोर पुणं दिसत असतं आणि गाडी आपोआप पळत असते. गिअर न्यूट्रलला टाकायचा मोह होतो तो इथेच. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री याच उतारावर एका अवजड गाडीने पुढच्या वाहनांना धडक दिली आणि एकावर एक आदळून जवळपास ४८ वाहनांचं नुकसान झालं. डिझेल वाचवण्यासाठी उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असं प्राथमिक तपासात पुढे आलं. त्यानंतर या उतारावर उपायांची बरीच चर्चा झाली, काही उपाय झालेही. तरी नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच पुलाजवळ कंटेनरने पुन्हा गाड्या चिरडल्या, आग लागली आणि माणसं होरपळून गेली.

बातमी ‘ब्रेक फेल’ एवढ्यावर संपते. पण ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात आणि ती हवा इंजिनवर फिरणारा कॉम्प्रेसर भरत असतो, हे कळलं की त्या दोन शब्दांआड काय घडलं ते दिसू लागतं. इंजिन बंद म्हणजे कॉम्प्रेसर बंद. मग प्रत्येक वेळी पॅडल दाबलं की टाकीत साठलेली हवा कमी कमी होत जाते. पॉवर स्टिअरिंगही इंजिनच्याच जिवावर, तेही जड होतं. इंजिन चालू ठेवून नुसता गिअर काढला तरी सगळा भार चाकांतल्या लायनरवर येतो. ४० टनांची गाडी १०० मीटर खाली उतरताना जेवढी उष्णता तयार होऊ शकते, तिच्यावर साधारण सव्वाशे लिटर पाण्याला उकळी येईल. गाडी गिअरमध्ये असली तर यातला मोठा वाटा इंजिन आणि एक्झॉस्ट ब्रेक पेलतात. न्यूट्रलमध्ये तो ड्रमांवर येतो. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, जळका वास येतो आणि पॅडल पूर्ण दाबलं तरी गाडी ऐकत नाही. एकही पार्ट तुटलेला नसतो, तरी ब्रेक गेलेले असतात.

जुने ड्रायव्हर नवख्याला पहिला धडा देतात तो असा: घाट चढायला जो गिअर लागेल, त्याच गिअरमध्ये घाट उतरायचा. शंका वाटली तर त्याच्या खालचा घ्यायचा. हा गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाकायचा, कारण वेग वाढल्यावर जड गाडीचा खालचा गिअर पडत नाही आणि त्या खटपटीत गाडी न्यूट्रलमध्येच सापडते. पाय सतत ब्रेकवर टेकवून ठेवायचा नाही. वेग वाढला की नीट दाबून तो उतरवायचा आणि पॅडल सोडून द्यायचं. हवेचा काटा खाली यायला लागला किंवा बझर वाजला तर पुढचा ढाबा गाठायचा विचार सोडून पहिल्या मोकळ्या जागी थांबायचं. जळका वास आला तरी थांबायचं आणि ड्रम आपोआप गार होऊ द्यायचे. तापल्या ड्रमवर पाणी मारलं तर तो तडकतो.

न्यूट्रलमुळे डिझेल वाचतं, हा समज उस्तादाकडून क्लीनरकडे पिढ्यान्‌पिढ्या आला आहे. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या इंजिनात मात्र गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की डिझेलचा पुरवठा जवळजवळ बंद होतो. तेव्हा चाकंच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रलमध्ये इंजिनला स्वतःला जागं ठेवायला डिझेल लागतंच. म्हणजे ज्या बचतीसाठी जीव टांगणीला लावायचा, ती चालू इंजिनात होतच नाही. हे ड्रायव्हरला सांगण्याची जबाबदारी मालकाची आहे, कारण मोहाचं मूळ मालकाच्या वहीत आहे. अनेक ठिकाणी ट्रिपचं डिझेल ठरवून दिलेलं असतं. ॲव्हरेज कमी पडलं तर ड्रायव्हरच्या पैशातून कापतात, डिझेल वाचलं तर ते त्याला मिळतं. भत्त्यात जेवण, पार्किंग आणि वाटेतला ‘खर्चापाणी’ भागवून घरी पैसे पाठवणाऱ्या माणसाला वाचलेलं दहा लिटर डिझेलही मोठं असतं.

मुंबई-आग्रा महामार्गावर सेंधव्याकडून बिजासन घाट उतरून धुळे जिल्ह्यात शिरतानाही असाच उतार लागतो. ४ जुलै २०२३ ला पळासनेरजवळ ब्रेक निकामी झालेला कंटेनर पुढच्या गाड्यांना धडकत रस्त्याकडेच्या हॉटेलात शिरला. निदान दहा जणांचे प्राण गेले. अशा रस्त्यावर जादा भरलेला प्रत्येक टन ब्रेकवर चढून बसतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० रुपये दंड आहे. जादा माल भरायला ड्रायव्हर सांगत नाही, पण काट्यावर गाडी अडली की उभा तोच असतो. म्हणून भरल्यावर पहिल्याच वजनकाट्यावर पावती घ्यावी, तिचा फोटो मालकाला पाठवावा आणि गाडी जड असेल तर तिथूनच फोन करावा. पुढे कुणी ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायला नको.

उताराइतकीच माणसं झोप मारते. १९९७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दाखवून दिलं की सलग १७ तास जागलेल्या माणसाचा हात-डोळ्याचा मेळ रक्तात ०.०५ टक्के दारू असलेल्या माणसासारखा बिघडतो. आपल्याकडे वाहन चालवताना कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे थेंबभरही न प्यायलेला, नुसता जागा राहिलेला ड्रायव्हर कायद्याच्या मर्यादेपर्यंत प्यायलेल्यापेक्षाही बिघडलेल्या अवस्थेत गाडी हाकत असतो आणि कुठल्याही नाक्यावरच्या यंत्रात ते दिसत नाही. ताशी ६० च्या वेगात चार सेकंदांची डुलकी लागली, तर गाडी साठ मीटरहून जास्त अंतर कुणाच्याही ताब्यात नसते.

ही झोप जाते कुठे? १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असं ठरवलं. तो कायदा पुढे नव्या कामगार संहितेत विलीन झाला. पण मुळात तो पाच किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता आणि आपल्याकडे ट्रकवाल्यांत एक-दोन गाड्यांचे मालक फार. सेव्हलाइफ फाउंडेशनने २०२० मध्ये दहा शहरांत केलेल्या पाहणीत ट्रक ड्रायव्हर दिवसाला सरासरी १२ तासांच्या आसपास गाडी चालवत असल्याचं आढळलं. घरातल्या कुणी या धंद्यात यावं असं त्यातल्या ८४ टक्के जणांना वाटत नव्हतं.

मला या तासांपेक्षा गाडी उभी असतानाचे तास जास्त महत्त्वाचे वाटतात. कळंबोलीला, भिवंडीच्या गोदामांबाहेर, न्हावा-शेवाच्या रांगेत गाडी दिवसभर उभी असते. कागदोपत्री तो आराम. प्रत्यक्षात रांग अधूनमधून दहा फूट सरकते, नंबर पुकारला तेव्हा केबिनमध्ये कुणी नसेल तर पाळी जाते, म्हणून डोळा लागू द्यायचा नाही. उन्हात पत्रा तापलेला, गेटच्या आत संडास असला तरी ‘बाहेर जा’ म्हणून सांगितलेलं. संध्याकाळी गाडी खाली होते, लगेच परतीचं भाडं लागतं आणि रात्र जागायची ती तिथून पुढे. ई-वे बिलात २०० किलोमीटरला एक दिवस मिळतो. गाडी गेटवरच अडकून राहिली की तोही सरत असतो. मुदत संपण्याआधीच्या किंवा नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. ते काम ट्रान्सपोर्टवाल्याचं आहे. त्यासाठी गाडी रात्रभर पळवायची गरज नाही, हे ड्रायव्हरने फोनवर ठणकावून सांगावं. हॉल्टिंगचे पैसे किती तासांनंतर आणि दिवसाला किती, हे बिल्टीवर आधी लिहून घेतलं तरच मिळतात. तोंडी ठरलेलं गेटवर कुणाला आठवत नाही.

झोपेला उपाय झोप हाच. मोठ्याने गाणी, तंबाखू, तोंडावर पाणी यांनी माणूस पाच-दहा मिनिटं तगतो. त्यापेक्षा चहा घेऊन लगेच वीस मिनिटं आडवं व्हावं. चहाचा असर यायला अर्धा तास लागतो, तोवर डुलकी झालेली असते. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ शरीराला सगळ्यात वाईट. त्या वेळेत थांबता येईल अशी ट्रिप आखावी. जून २०२५ मध्ये पूर्ण खुल्या झालेल्या ७०१ किलोमीटरच्या समृद्धी महामार्गावर तर सरळ आणि एकसुरी रस्त्यामुळे भर दुपारीही डोळे जड होतात. पापण्या वारंवार मिटायला लागल्या, मागचे दोन फलक कुठले गेले ते आठवेना झालं, की पुढच्या सुरक्षित जागी गाडी बाजूला घ्यायचीच.

झोपायचं कुठे, हाही प्रश्नच. तेल कंपन्यांनी महामार्गावरच्या पंपांवर ‘अपना घर’ नावाने ड्रायव्हरांसाठी खाटा, अंघोळ आणि स्वयंपाकाची सोय केली आहे. देशात अशी साडेतीनशेहून अधिक ठिकाणं आहेत. ती जागा मिळाली तर उत्तम. नाहीतर गजबजलेला, उजेडाचा ढाबा बघावा, म्हणजे डिझेल आणि ताडपत्रीखालचा माल दोन्ही शाबूत राहतात. सावली मिळते म्हणून गाडीखाली झोपण्याची सवय मात्र जीवघेणी आहे. शेजारचा माणूस अंधारात गाडी चालू करतो आणि खालच्या क्लीनरचा पत्ताही त्याला नसतो. बंद केबिनमध्ये स्टोव्ह पेटवणं तितकंच वाईट. त्या धुरातला विषारी वायू वासाने कळत नाही. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या साडेतीन टनांवरच्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली आहे. जुन्या लाखो गाड्यांत अजून इंजिनची धग आणि वरचं ऊन एकत्रच सोसावं लागणार आहे. पाणी मोजून प्यायची सवय, लघवी दाबून ठेवणं, रात्री उशिरा तेलकट जेवण यांनी मूतखडा आणि साखर लवकर मागे लागते. घरी आलं की साखर, रक्तदाब आणि डोळे तपासून घ्यावेत. रात्री समोरचा दिवा फुटल्यासारखा पसरून दिसत असेल तर चष्म्यासाठी लायसन्सच्या पुढच्या नूतनीकरणापर्यंत थांबू नये.

गाडी बंद पडली की आपल्याकडे मागे दगड आणि झाडाची फांदी ठेवतात. दगड रात्री दिसत नाहीत आणि गाडी दुरुस्त होऊन गेली तरी रस्त्यात तसेच राहतात. मग पहाटे एखादा दुचाकीवाला त्यावर पडतो. केबिनमध्ये चमकणारे दोन त्रिकोण असावेत, ते गाडीपासून बरेच मागे आणि वळण असेल तर वळणाच्याही मागे लावावेत. मागच्या रिफ्लेक्टर पट्टीवरचा चिखल रोज फडक्याने पुसावा. टायर तपासताना हवा पाहणं पुरेसं नाही. जोड टायरांच्या मधे अडकलेला दगड काढावा लागतो आणि लोखंडी टॉमीने दोन्ही टायर ठोकून आवाज ऐकावा लागतो. हवा कमी असलेला आतला टायर डोळ्याला कळत नाही, ठोकल्यावर बद्द वाजतो.

अपघात झाला तर पळून जाण्यामागे बहुतेक वेळा जमावाची भीती असते. जानेवारी २०२४ च्या संपात ड्रायव्हर रस्त्यावर उतरले ते याच भीतीने. अपघात करून न कळवता पळाल्यास दहा वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद असलेलं भारतीय न्याय संहितेचं कलम १०६(२) सरकारने थांबवलं आणि १ जुलै २०२४ ला बाकीची संहिता लागू झाली तेव्हाही ते बाजूला ठेवलं. मोटार वाहन कायद्याचं कलम १३४ मात्र लागू आहेच. जखमीला उपचार मिळवून देणं ड्रायव्हरचं कर्तव्य आहे, पण जमाव अंगावर येत असेल तर त्या कर्तव्यातून सवलत त्याच कलमात लिहिलेली आहे. तेव्हा तिथून निघावं लागलं तर ११२ ला फोन करून गाडी नंबर आणि ठिकाण सांगावं आणि थेट जवळच्या पोलीस ठाण्यात जावं. कळवायची शेवटची मुदत २४ तासांची. केलेला फोन हाच पुढे आपला पुरावा ठरतो. जखमींसाठी १०८, आणि राष्ट्रीय महामार्गावर मदतीला १०३३. रस्ता अपघातातल्या जखमीवर सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे विनारोकड उपचार करण्याची योजना मे २०२५ पासून आहे. ती ड्रायव्हरलाही लागू होते, हे पुष्कळ घरांना ठाऊक नसतं.

अजून एक गोष्ट घरात बसून, सुट्टीच्या दिवसांतच करायची आहे. नोकरीवर असताना ड्रायव्हर दगावला किंवा अपंग झाला तर कामगार भरपाईच्या कायद्याने त्याच्या कुटुंबाला मालकाकडून रक्कम मिळते, आणि गाडीच्या विम्यात पगारी ड्रायव्हरची ही जबाबदारी धरलेली असते. चूक त्याचीच होती, असं सांगून घरच्यांना परत पाठवता येत नाही. स्वतःच मालक असलेल्या ड्रायव्हरला १५ लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घ्यावं लागतं. दुसऱ्या गाडीमुळे अपघात झाला असेल तर न्यायाधिकरणात दावा दाखल करायला कायद्याने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दुःखात बुडालेल्या घरात ते दिवस भुर्रकन जातात. त्यामुळे ट्रिपला निघण्यापूर्वी गाडीचं आरसी, विम्याची पॉलिसी, लायसन्स, मालकाचं पूर्ण नाव आणि पत्ता आणि महिन्याला पगार येत असल्याची बँकेची नोंद यांचे फोटो बायकोच्या किंवा आईच्या फोनमध्ये हवेत. पगार रोखीने हातात येत असेल तर निदान काही भाग खात्यावर मागून घ्यावा. खात्यावर नोंद नसेल तर हा माणूस त्या गाडीवर कामाला होता, हेच आधी सिद्ध करत बसावं लागतं.