मयोर्का : जानेवारीत पारखायचं बेट

पोलिश संगीतकार फ्रेडरिक शोपँ आणि फ्रेंच लेखिका जॉर्ज सांद १८३८च्या नोव्हेंबरात मयोर्काला आले, ते उबदार हिवाळ्याच्या आशेने. पावसाळी हवेने शोपँचा खोकला बळावला. क्षयाचा संशय येताच घरमालकाने त्यांना घराबाहेर काढलं आणि वाल्देमोसाच्या मठातल्या खोल्यांत त्यांनी कसाबसा हिवाळा काढला. फेब्रुवारीत दोघंही परतली. स्पेनच्या या बेटावर बारमाही घर शोधणाऱ्या जर्मन, ब्रिटिश आणि स्वीडिश मंडळींनी ही हकीकत आधी वाचावी.

जुलैतलं मयोर्का कुणालाही आवडेल. खरी परीक्षा जानेवारीत. दुपारी ऊन पडलं की पंधरा अंशांपर्यंत पारा चढतो, बदामाची झाडं फुलू लागतात. पण घरात पाऊल टाकताच ओल जाणवते. इथली जाड दगडी घरं उन्हाळ्याची काहिली अडवायला बांधलेली. घर पाहायला जाल तेव्हा भिंतीला हात लावा, गरम करण्याची सोय विचारा. आणि पाण्याचं विचारल्याशिवाय तर सौदा करूच नका. पावसाचं पाणी अंगणाखालच्या टाकीत साठवायची रीत इथे अरबांच्या काळापासून आहे, कारण उन्हाळा कोरडा जातो. १९९०च्या दशकातल्या दुष्काळात पाल्मा शहरासाठी मुख्य भूमीवरून जहाजाने पाणी आणावं लागलं होतं. आता समुद्राचं पाणी गोडं करणारे प्रकल्प आहेत. उलट शरद ऋतूतला पाऊस कोसळतो तेव्हा कोरडे ओढे क्षणात फुगतात. ऑक्टोबर २०१८मध्ये सांत योरेन्स गावाच्या परिसरात अशाच पुराने तेरा जणांचा बळी घेतला. ओढ्याकाठचं स्वस्त घर म्हणूनच मला कधी स्वस्त वाटत नाही.

गाव निवडतानाही हिवाळाच कामाला येतो. समुद्रकाठच्या बऱ्याच पर्यटन वस्त्यांत नोव्हेंबरपासून हॉटेलं आणि दुकानं बंद असतात. पाल्मा मात्र बारा महिने जागं : इस्पितळं, शाळा, विद्यापीठ, आणि जिथे वास्तुकार गाउदीने काम केलं ते कॅथेड्रल. बेटाच्या पोटातली इंका, सिनेउ, सा पोब्ला ही गावंही स्वतःच्या हिशेबाने जगतात. सिनेउचा बुधवारचा बाजार थंडीतही भरतो. सा पोब्लात जानेवारीच्या मध्यावर संत आंतोनीच्या रात्री गल्लोगल्ली होळ्या पेटतात.

वायव्येला त्रामुंताना डोंगररांग आहे. उतारांवर चुना-सिमेंटाशिवाय रचलेल्या दगडी बांधांच्या पायऱ्या, त्यांवर ऑलिव्ह. २०११मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला, तो माणसाने घडवलेल्या या भूदृश्याला. इथे परक्यांनी जमीन घेणं नवं नाही. ऑस्ट्रियाचा आर्चड्यूक लुडविग साल्वाटोर १८६७मध्ये आला, त्याने पुढे वाल्देमोसा-देइया भागात एकामागून एक वाड्या विकत घेतल्या. पण झाडं तोडू दिली नाहीत आणि इथली बोली शिकून लोककथा गोळा केल्या. इंग्रज कवी रॉबर्ट ग्रेव्हज १९२९मध्ये देइयात स्थिरावला. स्पेनच्या यादवी युद्धामुळे १९३६मध्ये त्याला जावं लागलं, १९४६मध्ये तो परतला आणि १९८५मध्ये तिथेच वारला. परक्याने राहावं तर असं.

कायद्याची बाजू बदलली आहे. पाच लाख युरोंची मालमत्ता घेऊन स्पेनमध्ये राहण्याचा परवाना मिळवायची सोय एप्रिल २०२५मध्ये बंद झाली. ब्रेक्झिटनंतर ब्रिटिशांना, व्हिसा घेऊन जाणाऱ्या भारतीयांप्रमाणेच, १८० दिवसांत फार तर ९० दिवस राहता येतं. त्यांना बारमाही राहायचं तर निवासाचा वेगळा परवाना हवा. नुसत्या खरेदीखताने भागत नाही. आणि वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की करही तिथेच.

खरेदीदाराने आणखी एक हिशेब करावा. सुमारे साडेनऊ लाख वस्तीच्या या बेटाच्या विमानतळावरून वर्षाला तीन कोटींहून अधिक प्रवाशांची ये-जा होते. भाडी इतकी वाढली आहेत की नोकरदार माणसं कारव्हॅनमध्ये राहतात. २०२४च्या उन्हाळ्यात याविरुद्ध हजारो लोक पाल्माच्या रस्त्यावर उतरले. त्यांचा राग रास्त आहे. वर्षाचे दहा महिने कुलूप लावून ठेवलेलं घर म्हणजे तिथल्या शिक्षिकेला, परिचारिकेला न मिळालेलं घर. ज्याला खरोखर तिथेच राहायचं आहे, मुलांना तिथली कातालान भाषा शिकवणाऱ्या शाळेत घालायचं आहे, त्याने आधी इंका किंवा सिनेउमध्ये एक हिवाळा भाड्याने काढावा आणि मगच सौद्याला बसावं.